न सापडलेल्यांचा खण

मी एक जुनं लोखंडी कपाट आहे. सरपणाच्या खोलीत, लाकडांच्या ढिगाशेजारी, भिंतीला पाठ लावून उभा असतो. माझा रंग कधीकाळी हिरवा होता. आता पाय गंजले आहेत, आणि थंडी वाढली की डावीकडचे खण अडकतात. ते उघडायचे तर खालून गुडघ्याने ढकलावं लागतं. या घरात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या एवर्टला हे माहीत होतं.

त्या शनिवारीही त्याने गुडघा लावूनच खण उघडला. मार्च महिना होता, तळं अजून गोठलेलं होतं. बर्फाला भोक पाडून मासे धरायला जायचं म्हणून तो बारके गळ शोधत होता. मित्रांनो, ज्या खणांमध्ये एके काळी अख्खं गाव राहत होतं, त्यांत आता गळ, खिळे, बियाण्यांची पाकिटं आणि मेणबत्त्यांचे तुकडे असतात. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. थकलेल्याला हलकं ओझं बरं वाटतं.

एवर्टच्या खिशातला फोन वाजला. त्याची मुलगी टोरा दर शनिवारी स्टॉकहोमहून फोन करायची. त्याने एक हातमोजा दातांनी ओढून काढला, फोन माझ्या डोक्यावर ठेवला, आवाज मोठा केला आणि पुन्हा गळ शोधू लागला. त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं.

"पप्पा, बुटांना खिळ्यांचे पट्टे लावलेस ना?"

"बुटांना लावलेत. डोक्याला लावायचे राहिलेत."

"चेष्टा नको. आस्ता सांगत होती, परवा तू अंगणात पडलास."

"आस्ताला लोकांच्या पडण्याची भारी हौस. मी पडलो नव्हतो. बसलो होतो."

मग टोराने विचारलं की जेवणात काय होतं. काल उकडलेले बटाटे आणि परवाचा मासा, तो म्हणाला. तिने सांगितलं की ईस्टरला चार दिवस येईन. त्यावर एवर्टने ओठ आवळून झपकन श्वास आत ओढला. स्वीडनच्या या उत्तर भागात माणसं 'हो' म्हणायला शब्द खर्च करत नाहीत. आत ओढलेला श्वास हाच होकार. पण तो फोनवर नीट ऐकू जात नाही.

"पप्पा, ऐकलंस का?"

"ऐकलं. श्वास घेतला की."

तिकडे तिच्या स्वयंपाकघरात नळ वाहत होता. मग तिने फोन ठेवला. एवर्टला गळ सापडले. त्याने गुडघ्याने खण बंद केला, बर्फाचा गिरमिट खांद्यावर टाकला आणि तो गेला. संध्याकाळी तीन मासे घेऊन परतला. तो अगदी रोजच्यासारखा दिवस होता.

दुसऱ्या दिवशी सरपण न्यायला कुणी आलं नाही. दुपारी शेजारच्या आस्ताच्या काठीचा आवाज अंगणात ऐकू आला, मग दार उघडल्याचा, मग बराच वेळ काहीच नाही. एवर्ट झोपेतच गेला होता.

मित्रांनो, आता तुम्हाला माझी हकीकत सांगतो. मी दमलो आहे, त्यामुळे जमेल तशी सांगतो.

माझा जन्म दक्षिणेकडच्या एका कारखान्यात झाला. महायुद्ध नुकतंच संपलं होतं. देशातल्या प्रत्येक माणसाला एक क्रमांक आणि एक पत्रक द्यायचं, असं सरकारने ठरवलं. गावागावांतल्या चर्चच्या कचेऱ्या जन्म, मृत्यू, लग्नं आणि माणसांचं येणं-जाणं लिहून ठेवण्याचं काम शेकडो वर्षं करतच होत्या. तेच आता जाड मोठ्या वह्यांतून सुट्या पत्रकांवर आलं. पत्रकांना राहायला घर हवं, म्हणून मला बनवलं. पत्रा कापला, वाकवला, जोडला, रंग भट्टीत भाजला. रेल्वेने मी उत्तरेकडे आलो आणि शेवटचा टप्पा घोड्याच्या घसरगाडीवरून बर्फातून पार केला. टालनेस गावच्या चर्चच्या कचेरीत शेगडीपासून जरा दूर मला उभं केलं. वर्षानुवर्षं मी तिथून हललो नाही.

पत्रकं माझ्या पोटात घरांप्रमाणे लावलेली असत. आधी बाप, मग आई, मग मुलं, जशी ती जेवायच्या टेबलाभोवती बसत असतील तशी. मूल जन्मलं की नवं पत्रक. माणूस गेला की पत्रकावर तारीख पडायची आणि ते वरच्या माळ्यावर जायचं. माणूस दुसऱ्या गावी राहायला गेला, तर तिथली कचेरी पत्र धाडून त्याचं पत्रक मागवून घ्यायची. पत्रक पाकिटात बसून पोस्टाने जायचं, माणसाच्या मागोमाग. त्यामुळे देशात कुणीही एकाच वेळी दोन ठिकाणी राहत नसे, निदान कागदावर तरी.

दर आठवड्याला या सगळ्याची नक्कल जिल्ह्याच्या कचेरीत जायची. पुढे तिथे खोलीएवढं यंत्र आलं. तिथून आकडे राजधानीतल्या आकडेवारीच्या खात्याकडे जात. देशात माणसं किती, कुठल्या भागात म्हातारी उरली आहेत, कुठे मुलं वाढली, बाहेरून किती आले, देश सोडून किती गेले, हे सगळं त्यातून निघायचं. पुढे पुढे तर मोजणाऱ्यांना कुणाच्या दारावर टकटक करायचीही गरज उरली नाही. हिशेब आमच्यासारख्या कपाटांतून व्हायचा. शाळा कुठे बांधायची आणि कुठे बंद करायची, ते त्यावर ठरायचं. मी अभिमानी स्वभावाचा नाही, पण तेव्हा माझ्या खणांना तेल घातलेलं असे.

एवर्ट कारकून म्हणून आला तेव्हा कोवळा पोरगा होता. अक्षर स्वच्छ, बोलणं कमी. त्याला खण आपटलेला चालत नसे. वरिष्ठ पाद्री तपासणीला आले की कुठलाही खण ओढून कुठलंही पत्रक काढत. एकदा त्यांनी आमच्या पाद्रींना, हेडक्विस्टना, सांगितलं की या कपाटात गाव गावापेक्षा नीट राहतं. एवर्टचे कान लाल झाले होते.

माझा सगळ्यात खालचा खण मात्र वेगळा होता. त्याच्यावर घरांची नावं नव्हती, एक चिठ्ठी होती: 'न सापडलेले'. कुणी लाकूडतोडीला जंगलात गेला आणि तिथूनच नाहीसा झाला, कुणी जहाजावर चढला, कुणी कुणाला न सांगता उठून गेला. अशा माणसाचा सलग दोन वर्षं कुठूनही पत्ता लागला नाही, की त्याचं पत्रक घरातून काढून या खणात ठेवायचा नियम होता. तेव्हापासून त्याला देशाच्या मोजणीत धरत नसत. मेला असंही कुणी म्हणत नसे.

कचेरी झाडायला आणि शेगडी पेटवायला आस्ता यायची. तेव्हा ती तरुण होती आणि आताइतकीच बोलायची. तिला हा खण आवडत नसे. बिचारा नील्स खलाशी, त्याला त्याच्या आईच्या शेजारून उचलून या तळघरात कशाला टाकलं, असं तिने एकदा एवर्टला विचारलं.

"वर ठेवला तर तो कागदावर दीडशे वर्षं जगेल," एवर्ट म्हणाला. "मरायला त्याला इथं यावं लागेल ना."

"मग येऊ दे की. मी कॉफी टाकते."

एवर्ट हसला. मग त्याने तिला समजावलं की गेलेल्यांना मोजत राहिलं तर सरकारला वाटतं की गावात माणसं आहेत, आणि मग जी खरोखर आहेत त्यांच्या वाट्याचा हिशेब चुकतो. आस्ताने मान डोलावली, पण त्या खणावरची धूळ ती कधीच पुसत नसे.

एवर्टचं लग्न सीवशी झालं. ती किनाऱ्याकडची होती. तिचं पत्रक एका पाकिटातून आलं आणि त्याने ते स्वतःच्या पत्रकामागे लावलं. दोन वर्षांनी त्यामागे टोराचं लागलं. टोरा शाळेतून थेट कचेरीत यायची आणि शेगडीजवळ बसून अभ्यास करायची. माझ्या खणांवरची घरांची नावं वाचतच ती वाचायला शिकली.

टोरा नऊ वर्षांची असताना सीव गेली. शरद ऋतू होता, बटाटे काढून झाले होते. बहिणीकडे चार दिवस जाऊन येते, असं तिने सांगितलं आणि ती बसमध्ये चढली. आस्ताने तिला खिडकीत बसलेली पाहिली, हातही हलवला. आठवड्याने बहिणीला विचारलं तर ती म्हणाली, इकडे आलीच नाही. पोलिसांनी चौकशी केली. भांडण झालं होतं का, असं त्यांनी विचारलं. एवर्ट म्हणाला की नाही, आणि ते खरं असावं, कारण भांडायला लागतं इतकं तो बोलत नसे.

मग वाट पाहणं सुरू झालं. मित्रांनो, दुसऱ्या कुणाची बायको गेली तर तो रस्त्याकडे बघत बसेल. एवर्ट पोस्टाकडे बघायचा. देशात कुठल्याही गावात सीवने घर केलं असतं, तर तिथली कचेरी तिचं पत्रक मागणार होती. शेजारच्या देशांशीही तसा करार झाला होता. नॉर्वे, डेन्मार्क, फिनलंड, कुठेही ती राहती झाली असती, तरी तिकडून कागद आला असता. ती परत यायला हवी असंही त्याचं म्हणणं नव्हतं. एकदा पाद्रींना तो म्हणाला की तिने नुसतं पत्रक मागवलं तरी पुरे, मी त्याच दिवशी धाडीन. म्हणजे ती आहे, एवढं कळलं असतं.

पत्रं येत होती. कुणी सुतार, कुणी शिक्षिका, कुणी सैन्यातून सुटून कारखान्यात लागलेला पोरगा, सगळ्यांची पत्रकं मागितली जात होती. सीवचं कुणी मागितलं नाही.

दोन वर्षं झाली. पाद्री हेडक्विस्ट चांगले होते. त्यांनी एवर्टला बसवून घेतलं आणि राहू दे म्हणाले. एका माणसाने देशाला काय फरक पडतो, वरच्यांना कळणारही नाही.

"नील्सच्या आईनेही हेच म्हटलं होतं," एवर्ट म्हणाला. "तिला मी नाही म्हटलं."

त्याने सीवचं पत्रक स्वतःच्या हाताने काढलं, गुडघे टेकले आणि खालच्या खणात ठेवलं. मग त्या आठवड्याच्या कागदात गावातून एक माणूस कमी लिहिला. टोरा शेगडीजवळ बसली होती. तिने सगळं पाहिलं.

मग तिने एक केलं. असं करणं आमच्याकडच्या मुलालाच सुचलं असतं. एका दुपारी एवर्ट चर्चमध्ये होता आणि आस्ता राख टाकायला बाहेर गेली होती. टोराने माझा खालचा खण उघडला. तिचे हात गार होते. तिने आईचं पत्रक शोधून काढलं आणि वरच्या खणात, आपल्या घरात, पप्पाच्या आणि स्वतःच्या मधोमध लावलं. खण हळूच बंद केला. आपण आईला परत आणलं, असं तिला वाटलं असावं. मला अडवता येत नव्हतं, आणि आलं असतं तरी मी अडवलं नसतं.

वर्षअखेरीला गावाची मोजणी झाली. आमचा आकडा जिल्ह्याच्या यंत्राच्या आकड्यापेक्षा एकाने जास्त निघाला. एवर्ट आणि पाद्री एकेक घर तपासत बसले. पाद्री म्हणाले की यंत्र चुकलं असेल, नवं आहे. एवर्टने मान हलवली. स्वतःच्या घराचा खण त्याने सगळ्यात शेवटी उघडला.

सीवचं पत्रक त्याच्या आणि टोराच्या मधोमध लागलेलं होतं. टोरा गणितं सोडवत होती. तिची मान ताठ होती आणि पेन्सिल चालत नव्हती. एवर्टने ते पत्रक उचललं, गुडघे टेकले आणि पुन्हा खाली ठेवलं.

"चूक सापडली," तो पाद्रींना म्हणाला. "माझ्याकडून झाली होती."

तेव्हा टोरा उठली. "तू आईला दोनदा घालवलंस," ती म्हणाली.

पाद्री खिडकीबाहेर बघू लागले. एवर्टने तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल. त्याने टाक उचलला आणि आकडा दुरुस्त केला.

त्या दिवसापासून टोरा शाळेतून थेट घरी जाऊ लागली. माझ्याकडे ती पुन्हा आली ती मोठी झाल्यावर, निरोप घ्यायला. शिकायला निघाली होती. काही दिवसांनी तिचंही पत्रक मागणारं पत्र आलं. एवर्टने पाकिटावर पत्ता लिहिला, चिकटवलं, आणि पोस्टाच्या थैलीत टाकायच्या आधी थोडा वेळ हातातच धरून ठेवलं. आता वरच्या खणात त्या घरात एकटाच तो उरला होता.

मित्रांनो, माझ्या कामाचीही वर्षं संपत आली होती. सगळी माणसं यंत्रात गेली. मग सरकारने ठरवलं की चर्चकडचं हे काम करखात्याकडे द्यायचं. उन्हाळ्याच्या एका सकाळी करखात्याची एक तरुण बाई दोन हमालांना घेऊन आली. त्यांनी माझे खण एकेक करून रिकामे केले. घरंच्या घरं खोक्यांत गेली. मी इतका हलका झालो की हमालाचा धक्का लागल्यावर चक्क डुललो. खालच्या खणाशी ते आले तेव्हा एवर्ट त्या बाईशी काहीतरी बोलला. ते पुढे सांगतो.

मला भंगारात द्यायचं ठरलं होतं. एवर्टने मागून घेतलं आणि शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवरून सरपणाच्या खोलीत आणलं. पहिली काही वर्षं तो खणांना तेल घालायचा. मग त्याचेही हात दुखू लागले.

टोरा राजधानीत आकडेवारीच्या खात्यात लागली. म्हणजे बापाच्या कचेरीतून निघालेला कागद जिथे पोचायचा, तिथेच. वर्षातून एकदोनदा यायची. एका उन्हाळ्यात दोघं माझ्यासमोर लाकडं रचत होती, तेव्हा तिने कामाबद्दल सांगितलं. देश सोडून गेलेले पुष्कळ लोक कळवतच नाहीत, ती म्हणाली. नोंदीत ते इथेच राहतात, पण त्यांना पगार नाही, आजार नाही, त्यांची मुलं शाळेत नाहीत. आकडेवारीत त्यांना आपण उगाच जगवतो. जिवंत माणसाची कुठेतरी खूण पडतेच. कुठेच पडली नाही तर तो गेला, असं धरावं लागतं. अशांचा अंदाज बांधणं हेच तिचं काम होतं.

"किती वाट बघता?" एवर्टने विचारलं.

"साधारण दोन वर्षं."

एवर्टने श्वास आत ओढला. टोराच्या हातातला ओंडका हातातच राहिला. तिने तोंड उघडलं. तेव्हाही मला वाटलं, आता बोलेल. मग तिने विचारलं की कुऱ्हाड कुठे ठेवली आहेस.

अशीच वर्षं गेली. फोनवर थंडी, बर्फ, बटाटे, आस्ताची सांधेदुखी. दोघांमधली ती जुनी गोष्ट कुणी उचलली नाही आणि कुणी टाकूनही दिली नाही. ती कुणी बोलेल म्हणून वाट पाहत मी थकलो.

आणि मग तो मार्चमधला शनिवार आला, जो मी तुम्हाला आधीच सांगितला.

टोरा तिसऱ्या दिवशी पोचली. अंत्यविधीची तारीख ठरेपर्यंत तिने घर आवरायला घेतलं. सरपणाच्या खोलीत ती शेवटी आली. मागून आस्ता आली, बगलेत कॉफीचा थर्मास, कोटाच्या खिशात दोन कप आणि कापडात बांधलेलं चीज. त्या दोघी लाकडांवर बसल्या. आस्ताने गरम कॉफीत चीजचे तुकडे टाकले, तसे आमच्याकडे टाकतात.

"खा पोरी. तुझ्या शहरात हे मिळत नसेल."

"मिळतं, आस्ता. महाग मिळतं."

"तुझा बाप बघ, शेवटच्या रात्रीही बूट भिंतीशी सरळ लावून झोपला. मी आत आले तर मलाच लाज वाटली, माझ्या घरी काय पसारा असतो."

टोरा हसली आणि मग तिने कप खाली ठेवला. ती म्हणाली की मी पोचायच्या आधीच पप्पा देशाच्या मोजणीतून कमी झाला होता. डॉक्टरने कळवलं, यंत्राने उतरवून घेतलं, मी अजून आगगाडीत होते. आता कुणाला खण उघडावा लागत नाही. या वर्षीच्या मृत्यूंच्या तक्त्यात पप्पा असणार, आणि तो तक्ता माझ्याच टेबलावर येणार.

आस्ताने माझ्याकडे बोट दाखवलं आणि याचं काय करणार, असं विचारलं. भंगारवाला सोमवारी येतोय, टोरा म्हणाली.

"बरं. पण खालच्या खणाचं काय ते तुला सांगते, मग दे." आस्ताने कप दोन्ही हातांत धरला. "तू कचेरीत यायची बंद झालीस ना, त्यानंतर मी रोज तिथे होते. पोस्टाची थैली आली की तुझा बाप आधी परगावच्या कचेऱ्यांची पाकिटं उघडायचा. बाकीची मग. कचेरी बंद होईपर्यंत."

"पण आईला तर त्याने खाली ठेवलं होतं."

"ठेवलं होतं. म्हणून वाट बघायची नसते का?"

आस्ताने सांगितलं की करखात्याची बाई आली त्या सकाळी ती स्वतः तिथे लादी पुसत होती. हमालांनी खालचा खण उपसायला घेतला आणि बाई म्हणाली की ही मेलेल्यांची असतील, ती वेगळ्या खोक्यात टाका. तेव्हा एवर्ट मध्ये उभा राहिला.

"काय म्हणाला माहिताय? एवढं मोठं तो कधी बोललेला मी ऐकला नाही. म्हणाला, ही माणसं मेलेली नाहीत. ही मला सापडलेली नाहीत, एवढंच. यांच्यासाठी अजून पत्र येऊ शकतं, तेव्हा खोकं हाताशी ठेवा."

बाहेर छपरावरून बर्फाचा एक थर घसरून पडला.

"मला का नाही सांगितलं त्याने?" टोराने विचारलं.

"तू विचारलंस का कधी? तुम्ही दोघं हवामानावर बोलणारी माणसं. एकमेकांना तापमान सांगत बसलात." आस्ता काठी टेकून उठली. मग तिचा आवाज खाली आला. "मी तरी कुठे सांगितलं. वाटलं, तो सांगेल."

बटाटे चुलीवर आहेत, असं म्हणून ती गेली. थर्मास तिने मुद्दामच मागे ठेवला असावा.

मित्रांनो, सोमवारी मी जाईन. पत्रा वितळेल, त्याचं दुसरं काहीतरी होईल, आणि मला त्याची भीती वाटत नाही. फक्त एक मागणं आहे. गाव सोडलंत, देश सोडलात, तर कुठेतरी कळवून जा. तुमचं नाव धरून कुणीतरी बसलेलं असतं, आणि त्याला तुम्हाला आहेही म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. त्या ओझ्याखाली माझ्यासारखं लोखंडही वाकतं. जे कुठेही गेले नाहीत त्यांच्याबद्दलही सांगायचं आहे. त्यांचं पत्रक कुणी मागवत नाही, त्यांच्यासाठी पोस्टात काही येत नाही, वर्षानुवर्षं ते एकाच जागी लागलेले असतात. त्यांच्याकडे लक्ष असू द्या. ते काम कुठलंही खातं करत नाही.

टोराने आपली कॉफी संपवली. मग उठली आणि तिने माझ्या माथ्यावर दोन्ही तळवे ठेवले. तिचे हात अजूनही गार असतात. तिने घसा साफ केला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"पप्पा," ती म्हणाली. इतक्या मोठ्याने की तिलाच दचकायला झालं. मग तिने आवाज न उतरवता पुढचं सांगितलं. "गेली ती आई. तू राहिलास. मी सगळा जन्म तिलाच शोधत बसले, आणि तू राहिलास, हे तुला एकदाही म्हटलं नाही."